भिंतीवरच्या चिठ्ठीबद्दल

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भिंतीवर लावलेल्या चिठ्ठीचा फोटोही पाहिला. ‘मी उपजिल्हाधिकारी आहे. थँक यू युनिव्हर्स.’ हेच वाक्य सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा वहीत लिहितेस, हेही कळलं. संकल्प आणखी प्रभावी कसा करायचा, लॉ ऑफ अट्रॅक्शन (मनात जे घट्ट धरावं ते विश्व आपल्याकडे खेचून आणतं, हा नियम) वापरताना आपलं काय राहून जातंय, असं तू विचारलं आहेस. त्याकडे येतेच. पण पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे : राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोन गुणांनी गेली, कारण आदल्या आठवड्यात मनात शंका आली. आधी त्याबद्दल बोलू.

तुझ्या शंकेमुळे परीक्षा गेलेली नाही. मनात शंका आली म्हणून उत्तरतालिका बदलत नाही. अंदाजाने सोडवलेले प्रश्न, चुकीच्या उत्तरांपायी कापले गेलेले गुण, शेवटच्या दहा मिनिटांची घाई, असलं काहीतरी त्या दोन गुणांमागे असतं. ते शोधता येतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं. शंकेचं काय सुधारणार? नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर मुलांच्या वह्या तपासताना मी निवड झालेली कितीतरी मुलं पाहिली. शंका कधी आलीच नाही असं त्यांतल्या एकानेही मला सांगितलेलं नाही.

या नियमाची हीच बाजू मला क्रूर वाटते. यश आलं तर नियम खरा, आणि नाही आलं तर तुझी श्रद्धा कच्ची. म्हणजे नियमाला कधी हरायचंच नाही. हरायचं ते दरवेळी तू. आता तुझ्या अभ्यासिकेत एक नजर फिरव. तुझ्या रांगेतल्या किती जणांच्या वहीत हेच वाक्य असेल? जागा मोजक्या आहेत. सगळ्यांचा विश्वास अगदी तुझ्याइतकाच घट्ट असला तरी बहुतेकांना पद मिळणार नाही. रात्री अकराला अभ्यासिकेतून निघून स्टेशन गाठणाऱ्या त्या पोरांचे विचार ‘निगेटिव्ह’ होते, असं मी कधीही म्हणणार नाही. तूही स्वतःबद्दल म्हणू नकोस.

हे आपल्या ऋषिमुनींनी सांगितलेलं प्राचीन ज्ञान आहे, असं तुला व्हिडिओत सांगितलं जातं. आज ज्या रूपात ते तुझ्यापर्यंत आलंय, ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून आलेलं आहे. तिथे ‘न्यू थॉट’ नावाची विचारधारा होती. मनाने आजार बरे होतात, मनाने संपत्ती येते, असं ती मानायची. विल्यम वॉकर ॲटकिन्सन या अमेरिकन लेखकाने १९०६ मध्ये ‘लॉ ऑफ अट्रॅक्शन’ हे नाव पुस्तकाच्या शीर्षकातच घातलं. ‘योगी रामचरक’ असं भारतीय नाव घेऊनही त्याने योगावर लिहिलं. शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, याची पुन्हा मोठी लाट आली आणि ती अजून ओसरलेली नाही. परदेशातून आलं म्हणून ते टाकाऊ, असं मला म्हणायचं नाही. फक्त पुरातनतेचा धाक मनातून काढ आणि त्यातलं काय उपयोगी पडतं ते मोकळ्या मनाने तपास.

उपयोगी पडणारं आहे. आपल्याला काय हवंय हे स्पष्ट ठरवलेल्या माणसाचं लक्ष बदलतं. आधी न दिसलेल्या संधी त्याला दिसायला लागतात. सकाळी उठायला काही कारण असतं. ही शक्ती लहान नाही, आणि ती तुझ्यात आहे हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं. अडचण आहे ती कल्पना कशाची करायची, या ठिकाणी.

गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पदवी पूर्ण करून नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी लागल्याची गोड चित्रं ज्यांच्या मनात वारंवार येत होती, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत कमी अर्ज केले, त्यांना कमी ठिकाणी नोकरी देऊ केली गेली आणि त्यांचे पगारही कमी निघाले. मात्र आपल्याला नोकरी मिळेल असा ज्यांचा विश्वास होता, त्यांचं चांगलं झालं. हा फरक नीट समजून घे. विश्वास हा आपण आजवर केलेल्या कामाच्या अनुभवावर उभा असतो. गोड चित्राला असा काही आधार लागत नाही. डोळे मिटले की ते हजर. याच बाईंच्या पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की अशा चित्रात रमलेल्या माणसाचा रक्तदाब थोडा उतरतो, अंगातला कामाचा जोर ओसरतो. काम झालंच आहे अशा समजुतीने शरीर सैल पडतं. अठरा वेळा वाक्य लिहून झाल्यावर तुला जे ‘खूप शांत’ वाटतं म्हणतेस, ते बहुधा हेच.

आणखी एक अभ्यास तुझ्याच कामाचा आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात परीक्षेच्या आधीचे काही दिवस विद्यार्थ्यांना रोज काही मिनिटं कल्पना करायला सांगितली होती. काहींनी चांगले गुण मिळाल्याचा क्षण डोळ्यांसमोर आणायचा. काहींनी आपण टेबलाशी बसलोय, पुस्तक उघडलंय, टीव्ही बंद केलाय, मित्राला नाही म्हटलंय, हे आणायचं. १९९९ मध्ये याचे निष्कर्ष आले. अभ्यास करतानाचं चित्र पाहणाऱ्यांनी अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. निकालाचं चित्र पाहणारे मागे राहिले.

तेव्हा डोळे मिटायचेच असतील तर खुशाल मीट, पण चित्र बदल. निकालाच्या यादीतलं नाव नको आणि लाल दिव्याची गाडी तर नकोच. ते दिवे १ मे २०१७ पासून सरकारी गाड्यांवरून उतरलेत, मुलांच्या डोक्यातून अजून उतरायचे आहेत. पदाचं चित्र पाहायचं तर कामासकट पाहा. भूसंपादनाच्या सुनावणीला कागदांची पिशवी घेऊन आलेला म्हातारा शेतकरी, त्याचा सातबारा, त्याच्या भावाची हरकत, आणि दोघांनाही समजेल अशा भाषेत लिहावा लागणारा तुझा आदेश. महसूल खात्यात माझी वर्षं अशाच कामात गेली. हे चित्र तुला आवडलं तर समज, तू योग्य वाटेवर आहेस. कंटाळवाणं वाटलं तर तेही आजच कळलेलं बरं.

‘मी उपजिल्हाधिकारी आहे’ हे वर्तमानकाळातलं वाक्य मला आणखी एका कारणाने नको वाटतं. २००९ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी दाखवून दिलं, की ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटतो, त्यांना स्वतःच्या स्तुतीची वाक्यं घोकायला लावली तर त्यांना आणखी वाईट वाटतं. मन काही वेडं नसतं. तू लिहितेस एक, आणि ते आतून लगेच दुसरं सांगतं. दिवसातून अठरा वेळा हा तंटा कशाला?

आता संकल्पाकडे येते. तुमच्या घरी सत्यनारायण होतो तेव्हा गुरुजी सुरुवातीला काय म्हणतात ते कधी लक्ष देऊन ऐक. गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलोय, संवत्सर कोणतं, महिना, पक्ष, तिथी, वार कोणता, करणारा कोण, त्याचं गोत्र काय, हे सगळं एकामागून एक येतं. मग कशासाठी करतोय ते येतं, आणि शेवटी आज आपण नेमकं कोणतं कर्म करणार आहोत ते. मग पळीभर पाणी हातावरून सोडायचं. फळाची इच्छा त्यात आहे, कुणी ती लपवत नाही. पण वचन दिलं जातं ते कर्माचं, आणि तेही स्थळकाळासकट. आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेला संकल्प असा होता. तुझ्या चिठ्ठीवर फळ तेवढं उरलं आहे.

मानसशास्त्रही फिरून याच जागी आलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितलं. अर्ध्या जणांकडून फक्त एवढंच जास्तीचं घेतलं, की तो कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधीच ठरवा. ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी अहवाल वेळेत लिहिला. बाकीच्यांपैकी एक तृतीयांश जणांनीच. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. पुढे २००६ मध्ये असे ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही परिणाम ठळक दिसला. कारण सोपं आहे. ऐन वेळी मनाशी वाद घालायची पाळी येत नाही. जागा आणि वेळ समोर आली की हात आपोआप कामाला लागतो.

ओटिंगेनबाईंनी यात एक पायरी वाढवली. आधी इच्छा मनात आण, ती पूर्ण झाल्याचं चित्र थोडा वेळ पाहा, आणि त्याला लागूनच आपल्या आतला अडसर पाहा. क्रम हाच ठेवायचा. मग त्या अडसरासाठी ‘असं झालं तर मी हे करीन’ असं एकच वाक्य.

तुझा अडसर कोणता? तू घरातल्या टीव्हीबद्दल लिहिलं आहेस, लोकमान्यनगरहून स्टेशनला येताना शेअर रिक्षासाठी लागणाऱ्या रांगेबद्दल लिहिलं आहेस. ते खरंच आहे. पण रागावू नकोस, मला वाटतं अडसर वेगळा आहे. तू वाचतेस खूप, लिहीत नाहीस. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. लेखीचे १७५० गुण, मुलाखतीचे २७५. उत्तर हाताने लिहायचं म्हटलं की तुला भीती वाटते, आणि त्या भीतीपायी तू पुन्हा नोट्स काढायला बसतेस किंवा टॉपरचं भाषण लावतेस. मे महिन्यापासून मी तुझ्याकडे एक उत्तर मागते आहे. रोज तू अठरा ओळी लिहितेस, आणि अठरा ओळींत एक छोटं उत्तर बसतं.

तेव्हा ती चिठ्ठी काढ आणि तिथे हे लाव : ‘सकाळी सहा वाजता, घरचे उठायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एक उत्तर हाताने लिहीन. सुरुवात सुचली नाही, तर प्रश्नातला मुख्य शब्द घेऊन त्याची व्याख्या लिहून सुरुवात करीन.’ बस. आभार मानायचे असतील तर आईचे मान, ती पहाटे पाणी भरताना भांडं वाजू देत नाही. दुपारी अभ्यासिकेत फोनकडे हात गेला, तर फोन बॅगेत टाकून तलावपाळीला एक फेरी मारून यायची, हे दुसरं वाक्य पुढच्या महिन्यात जोडू. एकदम दहा संकल्प केलेस तर ते एकमेकांचे पाय ओढतील. मूळचं स्वप्न वहीच्या पहिल्या पानावर एकदाच, सुंदर अक्षरात लिही आणि राहू दे. ते पुसायला मी सांगत नाही.

एक संकल्प मात्र नकोसा वाटला तरी आत्ताच कर. किती प्रयत्नांनंतर, कोणत्या तारखेला थांबायचं आणि त्यानंतर काय करायचं, ते लिहून ठेव. व्हिडिओतले लोक सांगतील की पर्यायाचा विचार केला की विश्वाला चुकीचा संदेश जातो. आपल्या ठाण्यातच अशी मुलं आहेत की ज्यांची तिशी या एका वाक्यापायी अभ्यासिकेत गेली. राज्यकर निरीक्षक, तलाठी, बँक, तुझ्या बी.एस्सी.वर मिळणारी प्रयोगशाळेतली नोकरी, यांतलं काही हाताशी असलं की परीक्षेला बसताना हात कमी थरथरतात. ‘अजून किती वर्षं?’ असं काका विचारतील तेव्हाही तुझ्याकडे तारखेसकट उत्तर असेल. ती तारीख आईबाबांना दाखव. त्यांनाही वाट पाहण्याची शेवटची कड दिसू दे, त्यांच्यावरचं ओझं तुला वाटतं त्याहून जड आहे.

आणि इच्छा मनाने खऱ्या करायला शिकवणारं ते तीन हजारांचं ‘मॅनिफेस्टेशन वर्कशॉप’ : पैसे भरू नकोस. तेवढ्या पैशांत टेस्ट सिरीज येईल, वर थोडे उरतील.

पहिलं उत्तर कच्चं असेल. खाडाखोड असू दे, फेअर करू नकोस. आठवडाभराची उत्तरं शनिवारी पाठव, मी सोमवारपर्यंत तपासून देते. सुरुवातीला पंचायत राजवरचा प्रश्न घे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती तुला पाठ आहे, तेव्हा निदान मजकुराची भीती नसेल.

तुझी,
मॅडम