हत्यारं घेताना आधी काय घ्यायचं

प्रिय लेकरा,

आयटीआय झालं, आता एसी दुरुस्तीच्या हत्यारांची यादी पाठवा म्हणालास. यादी लांबलचक होईल आणि पैसा तुझ्याकडं बेताचा आहे, म्हणून क्रमच सांगतो.

आधी चांगला क्लॅम्प मीटर घे, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर. तो कपॅसिटरही, म्हणजे मोटर सुरू करायला मदत करणारा वीज साठवणारा डबाही, मोजणारा हवा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर गेला की गिऱ्हाईक फोनवरच सांगतं, ‘गॅस संपला’. गॅस वापरून संपत नसतो, कमी झाला तर कुठंतरी लीक आहे. खेड्यात बरेचदा व्होल्टेजच पडलेलं असतं. कॉम्प्रेसर सुरू होताना ते किती खाली येतं, ते बघ. आउटडोअरची, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याची, कॉइलही बघ. जिनिंगजवळच्या घरात तिच्यावर रुईचा थर बसतो, नुसत्या पाण्यानं धुतली तरी मशीन सुधारते. मेन बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घाल.

मग व्हॅक्यूम पंप, पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा. याबाबत मी हट्टी आहे. थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलायची आणि पैसे घेऊन निघायचं, हे तू करू नकोस. ओल आत राहते, तेल खराब होतं, नवं कॉम्प्रेसर जातं. शेतकऱ्यानं कापूस विकून ते मशीन घेतलेलं असतं. पंप लावून ५०० मायक्रॉनच्या खाली उतरव. मायक्रॉन म्हणजे आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. गॅसचा दाब बघायच्या मॅनिफोल्ड गेजवर एवढं बारीक दिसत नाही, त्याला वेगळा मायक्रॉन गेज लागतो. तो सवडीनं घे.

वजनकाटा मात्र लगेच हवा. आर-३२ हा एसीतला गॅस किती ग्रॅम भरायचा ते आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. हा गॅस पेट घेऊ शकतो, जवळ बिडी किंवा वेल्डिंगची टॉर्च नको.

पाइप कटरनं कापला की तोंड खाली धरून आतली धार रीमरनं काढ, म्हणजे कीस आत पडणार नाही. नट आधी ओवून ठेव, मग फ्लेअर कर, म्हणजे जोडणीसाठी पाइपाचं तोंड पसरव. फ्लेअरला चीर किंवा ओरखडा दिसला तर कापून पुन्हा कर. लीक तपासायला नायट्रोजन आणि साबणाचं पाणी. ऑक्सिजन कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. वेल्डिंगवाल्याकडं ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो, म्हणून बजावून सांगतो.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, पण कामाचा धडाका एप्रिलपासूनच असतो. तोवर पंप जमला नाही तर माझा घेऊन जा. पंपातलं तेल दुधाळ दिसलं तर बदलून घे, बाटली पेटीतच आहे.

तुझा,
काका