मुतारीच्या दाराशी ड्यूटी कुणाची?

या खेपेला शाळेबद्दलची चार पत्रं एकत्र घेते. नावं, गावं आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, बोलणं त्यांचंच.

प्रश्न : ताई, मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात एक मुलगा आहे, चित्रं सुरेख काढतो, चालणं-बोलणं जरा नाजूक. मुलं त्याला 'बायल्या', 'मावशी' म्हणून हाक मारतात. पीटीचे सर 'तू मुलींच्या रांगेत जा' म्हणत सगळ्यांना हसवतात. पोरगा दिवसभर पाणी पीत नाही, कारण मुतारीत गेला की दहावीतले दोघं त्याची पँट ओढतात. हे त्यानं मला रडत सांगितलं, आणि त्याच भरात हेही सांगितलं की, 'बाई, मला मुलगेच आवडतात.' मुख्याध्यापकांच्या कानावर अर्धंमुर्धं घातलं, तर म्हणाले, 'असले विषय शाळेत नकोत, सध्याचं वातावरण बघताय ना?' त्याच्या घरी कळवू का? वडील तापट आहेत. मला स्वतःला या विषयातलं काही कळत नाही.

उत्तर : बाई, तुमच्या पत्रात दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. मुतारीत काय घडतं ही एक, आणि त्यानं स्वतःबद्दल काय सांगितलं ही दुसरी. पहिली सांगितल्यावाचून तुमची सुटका नाही. दुसरी कुणालाही सांगायची नाही, मुख्याध्यापकांनाही नाही.

पँट ओढण्याला आपल्याकडे 'पोरांची मस्ती' म्हणून सोडून देतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, अठराच्या आतलं कुठलंही मूल त्यात येतं. गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं त्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. 'वातावरण' हे कारण तिथं चालत नाही, मुख्याध्यापकांचंही नाही. तेव्हा उद्याच मुख्याध्यापकांना लेखी द्या, आणि तेवढ्यानं पोलिसांना कळवायची जबाबदारी संपत नाही हेही लक्षात ठेवा. पाच ओळी पुरेत : कोणत्या दिवशी, कुठं, कुणी काय केलं, तुम्हाला कधी कळलं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. अर्ज देण्याआधी त्या मुलाला सांगा, त्याच्या पाठीमागे नको.

अर्जात त्याच्या चालण्याबद्दल, नाजूकपणाबद्दल एक शब्द लिहू नका. 'हाच मुलगा का?' या प्रश्नाचं उत्तर अर्जात लागत नाही. कुणी विचारलंच तर म्हणा, मला माहीत नाही, त्या दोघांना विचारा. आणि त्या दोघांना परिपाठाला उभं करून बडवू देऊ नका. मार खाल्लेली पोरं पुढचा हिशेब याच मुलाशी चुकता करतात. तीही अठराच्या आतली आहेत. त्यांच्या पालकांना बोलवा, बाकी कायदा बघेल.

घरी काय कळवायचं? मुतारीतला प्रकार आई-वडिलांना कळायलाच हवा. 'दोन मोठी मुलं त्रास देत होती, शाळेनं लेखी तक्रार घेतली आहे, त्याच्यावर रागावू नका.' बस्स. आवडीनिवडीची गोष्ट त्याची आहे, त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. तापट बापाच्या घरात रात्री त्याला राहायचं आहे, तुम्हाला-मला नाही.

विषयातलं काही कळत नाही म्हणता, तर कळायची गरजही फारशी नाही. तेरा वर्षांचं पोर आहे, उद्या स्वतःबद्दल आणखी काही सांगेल किंवा सांगणार नाही. तो कोण आहे याचा निकाल लावायचं काम शाळेकडे नाही. 'तुझ्यात काही बिघडलेलं नाही, आणि हे माझ्याजवळच राहील,' एवढं म्हणा आणि नवं चित्र कोणतं काढतोयस ते विचारा. मात्र सगळंच गुपित ठेवीन असं वचन देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर दुसऱ्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आता पाण्याचं. तास चालू असताना त्याला जाऊ द्या. फार तर काही दिवस शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरू द्या. पण त्याची वेगळी सोय झाली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. मी मुख्याध्यापिका होते तेव्हापासून बघते आहे, मधल्या सुट्टीच्या ड्यूटीच्या तक्त्यात फाटक असतं, मैदान असतं, खिचडीची रांग असते. मुतारीचं दार कुणाच्याच वाट्याला नसतं. तुमचा तक्ता काढून बघा आणि तिथं एक नाव घाला.

राहिले पीटीचे सर. खरं सांगायचं तर त्या दोन पोरांपेक्षा मला त्यांचीच जास्त चिंता वाटते. पोरांना चिडवायचा परवाना असाच वरून मिळतो. त्यांच्याशी एकट्यानं बोला. टीचर्स रूममध्ये बोललात तर तिथंही हशाच होईल. मुळात रांगा मुला-मुलींच्या वेगळ्या हव्यातच कशाला? लेझीम उंचीप्रमाणे उभं राहून चांगली खेळता येते. ऐकलं नाही तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ दाखवा. त्यात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे.

तमिळनाडूत युनेस्कोनं समलिंगी आणि तृतीयपंथी तरुणांची पाहणी केली होती. शाळेच्या वरच्या वर्गांत मारहाण-धक्काबुक्की सोसलेले त्यात ६० टक्के निघाले, आणि शाळेकडे तक्रार केलेले जेमतेम १८ टक्के. तुमच्या वर्गातला मुलगा बोलला. कारण समोर तुम्ही होतात.

प्रश्न : मी एका शिक्षणसंस्थेचा सचिव आहे. आमच्या एका शिक्षिकेनं 'एलजीबीटीक्यू' (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) विषयावर बाहेरचे वक्ते बोलावून नववी-दहावीसाठी तास ठेवायचा प्रस्ताव दिला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काहूर माजलं. काही कार्यकर्ते निवेदन घेऊन आले : परदेशी फॅड, संस्कृतीवर घाला वगैरे. दुसऱ्या बाजूचे लोक आम्हाला मागासलेले म्हणतात. मुद्दा वादाचा असताना शाळेनं तटस्थ राहू नये का?

उत्तर : सचिवसाहेब, हे काहूर नवं नाही. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी जी उत्तरं छापली, त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचे होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. हे सगळं मुंबईत, मराठी मासिकावरून, मराठी माणसांनी विचारलेल्या प्रश्नांवरून. तेव्हा फॅड परदेशातून आलं म्हणणाऱ्यांना हा दाखला द्यायला हरकत नाही.

पुढे २००७ मध्ये आपल्याच राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद करण्यात आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेनं ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी लिहिलेलं लिंग आपलं वाटत नाही अशा, मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. स्वच्छतागृहं, गणवेश, मुला-मुलींची विभागणी न करणं अशा सूचना तिच्यात होत्या. तक्रारी झाल्या, बालहक्क आयोगानं पत्र पाठवलं, आणि काही दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून गायब झाली. वाद मिटेपर्यंत थांबायचं ठरवलंत तर आज पहिलीत बसलेली पोरं कॉलेजात जातील.

कायदा मात्र वादासाठी थांबलेला नाही. १५ एप्रिल २०१४ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १३ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला सांगतं की ट्रान्सजेंडर मुलांना भेदभाव न करता शिकवा, खेळायलाही घ्या. तुमच्या संस्थेला मान्यता आहे ना? मग हे तुम्हाला लागू आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मुली आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थी यांच्यासाठी निधीची तरतूद आहे. हे धोरण आणणारं सरकार कुणाचं, ते निवेदनवाल्यांना आठवत असेलच.

आता एक सांगते, तुमच्या शिक्षिकेला कदाचित आवडणार नाही. तो तास थोडा पुढे ढकललात तरी माझी हरकत नाही. बाहेरचा वक्ता तासभर स्लाइड दाखवून निघून जातो, आणि मग आठवडाभर त्या स्लाइडवरचे शब्द वापरून पोरं एकमेकांना चिडवतात. मागे कोणी सांभाळायला नसेल तर तास न झालेलाच बरा. आधी शिक्षकांचं प्रशिक्षण करा आणि शाळेच्या नियमावलीत एक वाक्य घाला : जात, धर्म, रंग, शरीर, बोलणं, चालणं, लिंग किंवा आवड यावरून कुणालाही चिडवणं, मारणं, वगळणं हा शिस्तभंग आहे. मग निवेदन घेऊन येतील त्यांना चहा पाजा, हे वाक्य समोर ठेवा आणि यातला कोणता शब्द खोडू ते लेखी मागा.

पालकांना मात्र कार्यकर्त्यांच्या पंगतीला बसवू नका. तिसरी-चौथीच्या पोरांना नको ते सांगतील, ही भीती खरी असते आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. लहान वर्गांत सांगायचं ते एवढंच : कुणाला चिडवायचं नाही, आणि कुणी हात लावला तर सांगायचं. गणवेशाचंही तसंच. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा गावच्या प्राथमिक शाळेनं २०१८ मध्ये मुला-मुलींना एकच पोशाख केला, शर्ट आणि पाऊण पँट. मुलींना पळता-उड्या मारता यावं म्हणून. असा निर्णय पालकसभेत घेता येतो, त्यासाठी कुठला झेंडा लागत नाही.

तटस्थ राहण्याबद्दल विचारलंत. भर वर्गात एकानं दुसऱ्याला 'छक्का' म्हटलं आणि सर फळ्यावर लिहीतच राहिले, तर त्याला तटस्थ म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आणि हो, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्याकडे कागदावर असेलच, तक्रारपेटीही भिंतीवर असेल. तिची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, ते आज शिपायाला विचारा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या आणि एका मैत्रिणीच्या चिठ्ठ्या ज्युनियर कॉलेजात सापडल्या. दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवून त्या मोठ्यानं वाचल्या. दाखला काढून न्या म्हणतात. मेहुण्यानं एका डॉक्टरचं नाव दिलंय, सहा महिन्यांत 'नॉर्मल' करतो म्हणे. बायकोनं मुलीचा फोन काढून घेतलाय. मला माझी मुलगी हवी आहे, बाकी काही सुचत नाही.

उत्तर : दादा, हे शेवटचं वाक्य तिला सांगितलंत का? आधी ते सांगा, मग पुढचं वाचा.

त्या डॉक्टरकडे जाऊ नका. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्ये आजारांच्या यादीतून काढली. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनंही २०१८ मध्ये जाहीरपणे तेच सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असं 'बदलून देणं' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे तो डॉक्टर पैसे घेऊन जे करेल, त्याबद्दल त्याच्यावरच कारवाई होऊ शकते. मेहुण्याला हे कळवा.

दाखल्याचा अर्ज पालकाच्या सहीनं होतो. ती सही करू नका, कितीही गोड बोलले तरी. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही, अकरावीला ते संरक्षण नाही. म्हणून कारण लेखी मागा. तोंडी धमकी देणारे कागदावर लिहायची वेळ आली की बहुतेक गार पडतात. नाही पडले, तर माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. चिठ्ठ्या परत मागा. मुलगा-मुलीच्या चिठ्ठीला कॉलेजात जी शिक्षा असेल तीच इथं, तसूभरही जास्त नाही.

फोन तिला परत द्या. घरात सगळे रडताहेत, कॉलेजात तमाशा झालाय, आणि बोलायला एक मैत्रीण होती तीही तोडली, अशा वेळी मुलं जिवाचं काहीतरी करून बसतात. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ वर दिवसरात्र मराठीतही मिळते. तुमच्या पत्नीनंही तिथं बोलावं. 'स्वीकार' हा अशा मुलांच्या आई-वडिलांचाच गट आहे. त्यांच्यातल्या एखाद्या आईशी तिची गाठ पडली तर माझ्या दहा उत्तरांचं काम होईल.

प्रश्न : बारावीत आहे. कागदोपत्री मुलगी, पण मी मुलगा आहे. शाळेत कुणाला माहीत नाही. निरोप समारंभाला मुलींना साडी सक्तीची आहे. न जायचं ठरवलंय, पण न आल्यास प्रॅक्टिकलचे मार्क कापू असं बाई बोलल्या. मस्करी असेल, पण भीती वाटते.

उत्तर : मित्रा, साडीची सक्ती कुठल्याही नियमात नसते. ती बहुधा समारंभाची समिती ठरवते. एका विश्वासातल्या शिक्षकाला 'मला कुर्ता घालून यायचंय' एवढंच सांग, कारण देऊ नकोस. जावंसं वाटलं नाही तर नको जाऊस, निरोप समारंभाला गुण नसतात.

कागदोपत्री नाव आणि लिंग बदलायची घाई परीक्षेच्या तोंडावर करू नकोस. बोर्डाचा फॉर्म, हॉल तिकीट आणि आधार जुळलं नाही तर ऐन वेळी धावपळ होईल. निकालानंतर मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या ठिकाणी जाऊन नीट विचार. आणि पुढे कॉलेजात लक्षात ठेव : २०१६ पासून लिंगओळख किंवा लैंगिक कल यावरून छळणं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत रॅगिंग धरलं जातं. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

मार्कांचं म्हणशील तर जर्नल आत्ताच पूर्ण कर, प्रत्येक प्रयोगावर तारखेसह सही घे, आणि सह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेव.