चाचणी म्हणते फुल स्पीड, मग आवाज का तुटतो?

प्रश्न : प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पण फाइल उतरवताना ११-१२ एमबीच्या वर आकडा जात नाही. आमचा इंटरनेटवाला फसवतोय का? (सांगली)

नाही. प्लॅन बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० ला ८ ने भागा, साडेबारा येतात. त्यातलं थोडं पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या पुड्यांच्या, वेष्टनात जातं. तुमचे पैसे वसूल होताहेत.

प्रश्न : ३०० चा प्लॅन आहे. मोबाइलवर वायफायनं २५० दिसतात, पण केबल जोडलेल्या कॉम्प्युटरवर कितीही वेळा तपासलं तरी ९४च! (ठाणे)

९४ दिसले की मला बरं वाटतं, कारण निदान घरबसल्या होतं. याचा अर्थ केबलचा दुवा १०० एमबीपीएसवर जुळलाय, वरचे सहा वेष्टनात गेले. मोबाइलला २५० मिळतात, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत आहे. दुखणं राउटर ते कॉम्प्युटर यांच्यामध्येच आहे.

गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एखादी तार तुटली, कनेक्टर नीट क्रिम्प झाला नाही किंवा उंदरानं दात मारले, की उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात, तक्रार करत नाहीत. आधी कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल लावून बघा. मग राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा, कारण काही यंत्रांवर एकच पोर्ट गिगाबिटचं आणि बाकीची १०० ची असतात. तरीही ९४च आले, तर कॉम्प्युटरचं पोर्टच जुनं असणार.

प्रश्न : मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. चाचणीत डाउनलोड ५०, अपलोड १०, पिंग ८. कंपनीचा माणूस म्हणतो, "मॅडम, स्पीड फुल आहे." (लातूर)

त्याचंही खरं आणि तुमचंही. पिंग म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. ते पिंग ८ रिकाम्या लाइनीचं आहे. मीटिंगच्या वेळी घरातला कुणाचा तरी मोबाइल फोटोंचा बॅकअप घेत असतो, आणि तो अपलोडची अख्खी वाट अडवतो. पोस्टाच्या खिडकीवर एकानं दोनशे पार्सलं मांडावीत आणि मागे तुम्ही एक आंतरदेशीय पत्र घेऊन उभं राहावं, तसं होतं. राउटर जमेल तोवर काही टाकून देत नाही, सगळं रांगेत साठवतो, आणि तुमचा आवाज त्या रांगेत शिळा होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा.

म्हणून चाचणीत मोठ्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. ऊकलाच्या स्पीडटेस्टमध्ये पिंग तीनदा मिळतं : निवांत असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. तिसरं तीनशे-चारशेवर गेलं, तर रोग सापडला. औषध म्हणून बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवण्याची, सोय असेल, तर अपलोडला साडेआठ-नऊची मर्यादा घाला. आपणहून थोडा वेग सोडला की रांग राउटरच्या ताब्यात राहते, आणि त्याला आवाज पुढे काढता येतो. मोठा प्लॅन विकायला कुणी आलं तर आधी हे करून बघा.

प्रश्न : पुण्यातून न्यू जर्सीच्या सर्व्हरवर काम करतो. पिंग २२० येतं, चाचणीत मात्र ६. प्लॅन वाढवू का?

नको. चाचणी जवळचा सर्व्हर निवडते. तुमचं काम साता समुद्रापार. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. त्यात समुद्राखालच्या केबली वळसे घेत जातात. २२० ठीकच आहे.

प्रश्न : दोन चाचण्या दोन आकडे देतात. तक्रारीसाठी कोणता धरायचा? (मडगाव)

फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, बाकीच्या चाचण्या आपापल्या सर्व्हरवरून. आकडे जुळणार कसे? एकच चाचणी, एकच सर्व्हर धरा. केबल लावा, घरातली बाकी उपकरणं बंद करा, आणि चार दिवस सकाळी व रात्री नऊला मोजून स्क्रीनशॉट ठेवा. सकाळी ९० आणि रात्री २० असे आकडे सलग दिसले, तर गर्दी तुमच्या घरात नाही, कंपनीच्या लाइनीवर आहे. वायफायवरचा स्क्रीनशॉट मात्र पाठवू नका. तो बघून ते "भिंती जाड असतील" म्हणतील आणि फाइल बंद करतील.