कर्क्युमिनचं जेल: आधी तेल ठरव

त्वचेवर लावायचं जेल करायचंय म्हणून पहिल्याच आठवड्यात कार्बोपॉल (जेल घट्ट करणारी पावडर) भिजत घालू नकोस. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तर ते तेलाच्या बारीक थेंबांतून जेलमध्ये घालायचा हा खटाटोप. तेव्हा कोणत्या तेलात, कोणत्या सर्फॅक्टंटमध्ये (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या पदार्थात) ते किती विरघळतं ते आधी मोज. मग फेज डायग्राम, म्हणजे तेल, पाणी नि सर्फॅक्टंट कोणत्या प्रमाणात नीट मिसळतात त्याचा नकाशा. कंटाळवाणं आहे, पण टाळलंस तर पुढे रडशील.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- मिश्रण पारदर्शक व्हावं म्हणून ट्वीन ८० (हा एक सर्फॅक्टंट) ओतत राहणं. त्वचा चुरचुरते.
- ट्रायइथेनॉलअमाइन (कार्बोपॉलला घट्ट करायला लागणारा अल्कली) भसकन ओतणं. थेंबाथेंबाने घाल, पीएच ६ च्या आसपास थांब. माझी पहिली बॅच लालसर झाली होती, हळदीच्या डागाला साबण लागल्यावर होतो तशी!
- बाटली उजेडात ठेवणं. फॉइल गुंडाळ.

फ्रांझ सेलचं, म्हणजे त्वचेतून औषध किती झिरपतं ते मोजायच्या उपकरणाचं, नंतर बघू.