‘विभक्त कुटुंब’ म्हणजे नेमकं कोणाचं?

प्रश्न : शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘कुटुंबाचा प्रकार : एकत्र / विभक्त’ असा रकाना आहे. नवऱ्यापासून वेगळी झालेली आई मुलीला घेऊन माहेरी, आईवडिलांजवळ राहते. तिने ‘विभक्त’वर खूण करायची का? अशा कुटुंबाला नेमका शब्द कोणता?

उत्तर : खूण ‘एकत्र’वर करावी. ‘विभक्त’ हा शब्द मुळात नवरा-बायकोच्या ताटातुटीचा नाही, वाटणीचा आहे. त्यात ‘भज्’ म्हणजे वाटणे हा धातू आहे. भाग, विभाग, व्याकरणातली विभक्ती ही सगळी त्याचीच भावंडं. मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय टीकाग्रंथात दायविभागाची, म्हणजे वारशाच्या वाटणीची चर्चा येते तिथे विभक्त-अविभक्त होतात ते बाप-लेक आणि भाऊ-भाऊ. आयकराच्या कागदांवरचं ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ याच परंपरेतलं. बोलीत आपण ‘वेगळे निघाले’, ‘चूल वेगळी केली’ म्हणतो, तेच हे.

एकत्रपणाची खूण सातबाऱ्यावरही सापडते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं दिसतं, हक्क मात्र त्याच्यामागच्या सगळ्यांचा. धाकटा भाऊ पुण्यात बायको-मुलांसह दोन खोल्यांत राहत असेल आणि गावची जमीन अजून वाटलेली नसेल, तर राहणीने तो विभक्त, मालमत्तेने अविभक्त. उलट एकाच वाड्यात, एकाच अंगणात दोन चुली पेटत असतील आणि वाटणीपत्र झालेलं असेल, तर ते दोघे भाऊ विभक्त. म्हणून समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि विशिष्ट नातं अशा खुणा एकत्र सांगितल्या. जनगणना यातली एकच उचलते : सामाईक स्वयंपाकघर. शाळेच्या अर्जालाही तीच लावली, तर प्रश्नातली आई आणि तिचे आईवडील एका चुलीवर जेवतात, म्हणजे कुटुंब एकत्रच.

मग गोंधळ कुठून आला? ‘विभक्त’ पुढे जोडप्यांनाही लागू झाला. ‘ती दोघं विभक्त राहतात’ हे आता रूढ आहे आणि चूकही नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम 10 साठी ‘न्यायिक विभक्तता’ म्हणतात : लग्न कायम, पण एकत्र राहण्याचं बंधन नाही. घटस्फोट ही निराळी गोष्ट, तिथे लग्नच संपतं. पण ‘विभक्त’ जोडप्याला लागलं की अर्थ एक, ‘कुटुंबा’ला लागलं की दुसरा. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांचं सुखाने नांदणारं घरही ‘विभक्त कुटुंब’च. गैरसमज टाळायचा असेल तर तिथे ‘केंद्र कुटुंब’ लिहावं.

आता दुसरा भाग. एकट्याने मूल वाढवणारी व्यक्ती म्हणजे ‘एकल पालक’. मात्र ‘एकल पालक कुटुंब’ असे तीन शब्द सुटे लिहिले की वाचणारा ‘पालक कुटुंब’ एकत्र वाचतो आणि दुसऱ्याचं मूल सांभाळणारं घर डोळ्यांपुढे येतं. त्यापेक्षा ‘एकपालक कुटुंब’ लिहावं. एकच पालक आहे ज्यात ते, असा सरळ बहुव्रीही होतो. विधवा, विधुर, घटस्फोटित, अविवाहित, एकट्याने दत्तक घेतलेले, सगळे त्यात मावतात आणि कोणाची कहाणी सांगावी लागत नाही. ‘परित्यक्ता’ऐवजी ‘एकल महिला’ हा शब्द मला याच कारणाने मोलाचा वाटतो : पहिल्यात टाकणारा नवरा बसलेला आहे, दुसऱ्यात फक्त ती आहे. ‘मोडलेलं घर’, ‘अपूर्ण कुटुंब’ हे तर अर्जात नकोतच. ती नोंद नाही, शेरा आहे.

खरी चूक रकान्याचीच आहे. घरात कोण कोण राहतं आणि मुलाचा सांभाळ कोण करतं, या दोन स्वतंत्र गोष्टी तो एका खुणेत विचारतो. एकपालक कुटुंब एकत्रही असू शकतं, जसं इथे आहे. शाळेला खरं तर संपर्कासाठी आणि सहीसाठी माणूस हवा असतो. तेव्हा अर्जात एवढंच छापावं : ‘मुलासोबत घरात राहणाऱ्या व्यक्ती व त्यांचं मुलाशी नातं’ आणि त्याखाली ‘पालक म्हणून सही करणारी व्यक्ती’. ‘पिता / पती’ असा ठरलेला रकाना नको, मोकळी ओळ पुरे.