एकच गोळी एका भावाला लागू पडते आणि सख्ख्या भावाला का पडत नाही?

आपण विचारले आहे की अँजिओप्लास्टीनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वडिलांना सुरू केलेली क्लोपिडोग्रेलची गोळी डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करून बदलली, काकांना मात्र तीच गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. मग एका आईच्या पोटच्या भावांत असा फरक कसा, की गोळीच कमअस्सल होती? मी सांगलीत बावीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. डॉक्टर नव्हे, फार्मसिस्ट आहे. म्हणून कोणती गोळी घ्यावी हे न सांगता, गोळी पोटात गेल्यावर तिचे काय होते तेवढेच सांगतो. गोळीवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही, कारण तपासणीत दोष निघाला तो गोळीत नव्हे, ती वापरण्याजोगी करणाऱ्या यकृतातील विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये.

आपल्याकडे 'हे औषध मला मानवत नाही' असे म्हणण्याची रीत आहे. काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येते आणि सुरुवातीची काही वर्षे मी ते फारसे मनावर घेत नसे. आता घेतो; मात्र या एका शब्दाखाली दोन परस्परविरुद्ध गोष्टी दडलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवतो. बहुतेक औषधे कामाच्या अवस्थेतच रक्तात पोहोचतात आणि यकृतातील विकरे त्यांची मोडतोड करून ती बाहेर घालवतात. विकर मंद असेल तर असे औषध अंगात साचत जाते आणि नेहमीचा डोससुद्धा जास्त होतो. काही औषधे याच्या उलट निष्क्रिय रूपात येतात आणि यकृतातील विकरांनी त्यांना घडवल्यावरच त्यांचा गुण येतो. तेथे विकर मंद असेल तर पूर्ण डोस घेऊनही रोगी जवळजवळ औषधाविनाच राहतो. दोष एकाच प्रकारचा, परिणाम मात्र उलटे.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत जुने आणि नीट अभ्यासलेले उदाहरण क्षयरोगाच्या औषधाचे आहे. वॉन्लेसवाडीच्या सॅनेटोरियममुळे सांगली-मिरजेला ही औषधे तशी जुन्या ओळखीची. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आले आणि त्याच दशकात लक्षात आले की ते रक्तातून नाहीसे होण्याच्या वेगावरून माणसांचे सरळ दोन गट पडतात. जलद गटात रक्तातील प्रमाण सुमारे तासा-दीड तासात निम्म्यावर येते, मंद गटात त्याला दोन ते पाच तास लागतात. हा वेग एनएटी२ या जनुकावरून ठरतो. जपानी लोकांत मंद गट सुमारे दहा टक्केच आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक मंद गटातले आहेत. हे औषध शरीरातील 'ब-६' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे ते साचले की हातापायांच्या नसांना इजा होते आणि मुंग्या येऊ लागतात. म्हणूनच त्याच्या जोडीला पायरिडॉक्सिनची छोटी गोळी दिली जाते.

हळदीच्या पेठेत हमाली करणारे एक गृहस्थ एकदा दुकानात आले आणि म्हणाले, "चप्पल पायातून कधी निसटते तेच कळत नाही, घरी पोचल्यावर बघतो तर एकच पायात." क्षयाचा उपचार सुरू होऊन तीन महिने झाले होते. चौकशी केली तेव्हा समजले की बाकीच्या गोळ्या ते नेमाने घेत होते. छोटी गोळी मात्र ताकदीची असावी आणि आपल्याला ताकदीची काय गरज, असे समजून त्यांनी डब्यातच ठेवली होती. त्यांच्या पत्नीनेही पूर्वी हाच उपचार घेतला होता, तीच गोळी अशीच टाळली होती आणि तिला काहीही झाले नव्हते. मधुमेहाने किंवा दारूनेही अशा मुंग्या येतात, म्हणून स्वतःच्या अकलेने काही न देता मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवले.

आपल्या वडिलांची गोळी दुसऱ्या प्रकारात मोडते. क्लोपिडोग्रेल निष्क्रिय रूपात पोटात जाते. त्याचा सुमारे ८५ टक्के भाग शरीर वायाच घालवते आणि उरलेला १५ टक्के यकृतात दोन टप्प्यांत घडून रक्तातील बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींस चिकटण्यापासून रोखतो. या घडणीत सीवायपी२सी१९ या विकराचा मोठा वाटा असतो. त्याच्या जनुकाचा 'स्टार दोन' (*2) नावाचा प्रकार कामाचे विकर तयारच करत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत जनुकाच्या सुमारे १५ टक्के प्रती अशा असतात, भारतीयांत सुमारे ३० ते ३५ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या गोळीवर ठळक चौकटीतील इशारा छापायला लावला तो याच कारणाने. अशा रुग्णांना बहुधा प्रासुग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर देतात, कारण त्यांची मदार या विकरावर नसते. कोडीन या वेदनाशामकाचेही असेच आहे: यकृतात त्याचे मॉर्फीन होते तेव्हा दुखणे थांबते, ज्यांच्यात ते होत नाही त्यांना गुण येत नाही आणि ज्यांच्यात फार वेगाने होते त्यांचा श्वास मंदावू शकतो.

जनुके सोडून इतर कारणेही आहेत. ओमेप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी क्लोपिडोग्रेल घडवणारे सीवायपी२सी१९ हेच विकर अडवते, म्हणून वडिलांची किंवा काकांची पित्ताची गोळी कोणती आहे हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकात 'ग्रेपफ्रूट टाळा' असे वाचून तासगावची द्राक्षे आणि बेदाणेही बंद केलेले दोघे-तिघे मला भेटले आहेत. ग्रेपफ्रूटही औषधे मोडणारे एक विकर अडवते, पण ते पपनसाच्या कुळातले फळ आहे, द्राक्षाशी त्याचा संबंध नाही.

घरातल्या सर्वांच्याच जनुकांची तपासणी करावी का? माझे मत असे की ज्या औषधाचा परिणाम रोज मोजता येतो, तेथे मोजावे. रक्तदाबाची गोळी लागू पडली की नाही हे यंत्र सांगते, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे आयएनआर ही रक्ताची चाचणी सांगते. क्लोपिडोग्रेल लागू पडत नाही हे मात्र रक्ताची गुठळी होईपर्यंत वरून समजत नाही, म्हणून तेथे या तपासणीला अर्थ आहे.

आता दोन भावांचे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. आपल्या आजी-आजोबांकडे प्रत्येकी एक चांगली आणि एक सदोष प्रत असेल, तर एका मुलाच्या वाट्याला दोन्ही सदोष आणि दुसऱ्याच्या वाट्याला दोन्ही चांगल्या येऊ शकतात. मात्र काकांना गोळी 'चालते' याचा अर्थ आजवर काही बिघडले नाही एवढाच आहे, म्हणून वडिलांचा अहवाल त्यांच्याही डॉक्टरांना दाखवावा. अहवालात निकालाच्या ओळीत 'स्टार दोन' दोनदा लिहिलेले असेल, तर वडिलांकडे देण्यासारखी चांगली प्रत नव्हतीच, आणि एक सदोष प्रत आपल्याकडे निश्चित आली आहे. एकदाच लिहिलेले असेल, तर ती येण्याची शक्यता निम्मी. त्या अहवालाची एक छायाप्रत स्वतःच्याही फाइलीत लावून ठेवा.