टेकडीवरच्या वस्तीतले जुने पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप सगळे बदलावेत की दुरुस्त करत राहावेत?

सगळे एकदम बदलू नका, आधी दाब बघा. पणजीच्या आल्तिनोसारख्या टेकडीवर दर 10 मीटर उंची खाली उतरलं की पाइपातल्या पाण्याचा दाब साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटरने वाढतो. म्हणून माथ्यावर नळाला बारीक धार आणि पायथ्याशी सांधे फुटलेले. उतारावर मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला तर जुने पाइपही बरीच वर्षं टिकतात. हे काम सर्वांत स्वस्त आणि नेमकं तेच राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या वाड्यावर बिडाचा जुना पाइप कापला, तेव्हा आत गंजाचे गोळे इतके साचले होते की जेमतेम दोन बोटं जात होती. असा तुकडा मात्र बदलायलाच हवा. गळती शोधायची तर रात्री दोननंतर, रस्ता शांत असताना. लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाशी धरा, सूं सूं आवाज स्पष्ट येतो.

गळती म्हणजे फक्त पाणी वाया जाणं नव्हे. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि शेजारच्या फुटक्या गटारवाहिनीतली घाण त्याच भोकातून आत ओढली जाते. म्हणून दोन्ही पाइप शेजारी असतील तर आधी सांडपाण्याचा दुरुस्त करा. आणि गच्चीचं पावसाचं पाणी त्यात सोडू नका. जुलैत खालच्या घरांचे चेंबर त्यामुळेच उसळतात.